नळ स्टॉपजवळची बिल्ड-दुरुस्ती सेवा: निदान चोख, आकारणी खटकणारी

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातील आमच्या प्रकाशनाचे अँड्रॉइड अ‍ॅप सांभाळणारा प्रोग्रामर नोकरी सोडून गेला, आम्ही नवा लॅपटॉप घेऊन त्यावर जुन्या सेटिंग्ज उतरवल्या आणि रिलीजची स्क्रिप्ट (अ‍ॅपची नवी आवृत्ती तयार करणारी आज्ञांची फाइल) पहिल्याच पायरीवर अडकली. अँड्रॉइड स्टुडिओ या अ‍ॅप बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच प्रकल्प सुरळीत बिल्ड होत असल्याने, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार होत असल्याने, आम्ही अधिकच गोंधळलो. अखेर नळ स्टॉपजवळ अशी कामे तासाच्या हिशेबाने करणाऱ्या दोघांकडे गेलो.

त्याआधी ज्यांना विचारले, त्यांनी सर्व काढून पुन्हा इन्स्टॉल करायला सांगितले होते आणि एक अख्खा दिवस घालवून आम्ही तेही केले होते. या दोघांनी काहीही डाउनलोड केले नाही. एररचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि ‘लोकल डॉट प्रॉपर्टीज’ ही फाइल उघडली. तिच्यात एसडीकेचा (अँड्रॉइड अ‍ॅप बनवायच्या साधनसंचाचा) मार्ग म्हणून जुन्या प्रोग्रामरच्या लॅपटॉपवरील फोल्डर नोंदलेला होता. ही फाइल ज्या त्या संगणकापुरती असते, ती गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात) जाताच कामा नये. आमच्याकडे मात्र ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती. स्टुडिओ तो मार्ग आपणहून बदलून घेत असे, पण स्क्रिप्ट दर वेळी गिटमधून नवी प्रत उतरवत असल्याने जुना मार्ग पुन्हा हजर होई. फाइल गिटमधून काढून ‘अँड्रॉइड होम’ हे व्हेरिएबल (एसडीके कुठे आहे ते सांगणारी संगणकाची सेटिंग) योग्य फोल्डरकडे वळवल्यावर ती एरर गेली.

लगेच दुसरी आली. बिल्डसाठी जावा लागते. स्टुडिओ स्वतःसोबत आलेली जावा वापरतो, स्क्रिप्ट जिथे चालते ते टर्मिनल मात्र ‘जावा होम’ ही सेटिंग दाखवेल ती. आमचे ‘जावा होम’ अजून जेडीके 11 कडे (जावाच्या साधनसंचाच्या जुन्या आवृत्तीकडे) बोट दाखवत होते, तर बिल्ड करणाऱ्या अँड्रॉइड ग्रेडल प्लगिनच्या 8.0 आवृत्तीपासून किमान 17 लागते. तेही बदलले. कोणती ओळ कोणत्या कारणाने बदलली याचे मराठीतील टिपणही त्यांनी न मागता दिले, आणि माझ्या मते पैसे वसूल झाले ते तिथेच.

तक्रार आकारणीची आहे. काम पाऊण तासात आटोपले, तरी किमान दोन तासांचे पैसे द्यावे लागले आणि हा नियम बिल हाती येईपर्यंत कोणी सांगितला नव्हता. आमच्या आयओएस अ‍ॅपचे बिल्डही हल्ली कुरकुरते आहे. ते आणखी थोडे बिघडले, की उरलेल्या सव्वा तासाचे काम जमवूनच पुन्हा तिथे जाईन.