वृद्धांचे पेन्शन: उत्पन्न पाहून की सरसकट?

श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1500 रुपये, ज्यांना मराठवाड्यात 'पगार' म्हणतात, 65 वर्षांवरील सर्वांनाच मिळावेत की कुटुंबाचे उत्पन्न पाहूनच, यावर ग्रामसभेत हात वर करण्यापूर्वी दोन्ही पद्धती व्यवहारात कशा चालतात हे पाहायला हवे.

उत्पन्न पाहण्याच्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे: तिजोरीतली रक्कम ठरलेली असेल, तर तीत निवृत्त शिक्षक आणि बागायतदारही वाटेकरी झाले की निराधाराच्या पदरात कमी पडणार. ऑस्ट्रेलियात 1909 पासून अशीच अट आहे. मात्र तिथे राहते घर हिशेबात धरत नाहीत आणि उत्पन्न वाढेल तसे पेन्शन हळूहळू कमी होत जाते.

आपल्याकडे वर्षाला 21,000 रुपये ही रेघ आहे आणि ती ओलांडली की सगळेच जाते. 2025-26 च्या रोजगार हमीच्या 312 रुपये दराने घरातल्या एकाने 68 दिवस काम केले तरी ती ओलांडली जाते. शिवाय बीड-परभणीकडच्या कोरडवाहू घराचे उत्पन्न लिहिलेले असते तरी कुठे? ऊसतोडीची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, उत्पन्न धरायची की कर्ज? तलाठ्याने खरे लिहिले तर म्हातारी अपात्र ठरते, आणि तिला पात्र ठरवायचे तर खोटे लिहावे लागते. माझ्या आत्याचा अर्ज पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या पगारामुळे फेटाळला गेला, आणि त्या मुलाने दोन वर्षांत घरी एक रुपया पाठवलेला नव्हता. रेशनकार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती तहसीलच्या पायरीवर बसलेली मी पाहिली आहे.

सरसकट पद्धतीत वयाचा पुरावा जवळजवळ पुरेसा ठरतो. नेपाळने 1995 मध्ये 75 वर्षांवरील वृद्धांना महिना 100 रुपये देऊन सुरुवात केली आणि पुढे रक्कम वाढवत नेली, म्हणजे गरीब देशालाही हे अशक्य नाही.

मला मधला मार्ग पटतो, जो कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने, वृद्धांच्या पेन्शनसाठी लढणाऱ्या पेन्शन परिषदेने मांडला: आयकर भरणारे आणि दुसरे मोठे पेन्शन घेणारे वगळावेत, बाकी सर्वांना द्यावे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने मोठा बागायतदार यातून सुटतो, हे खरे आहे. त्यासाठी सातबारा पाहावा म्हटले तर नाव बापाचे आणि पीक मुलाचे, अशी घरे गावोगाव आहेत. म्हणून जमिनीची अट घालायचीच असेल तर ती बागायतीपुरती असावी. आणि ठराव कोणत्याही बाजूने झाला, तरी वेगळ्या राहणाऱ्या मुलाचे उत्पन्न आईच्या अर्जात धरू नये, एवढे त्यात लिहून घ्यावे.