ट्रेडमार्कच्या ‘सर्टिफिकेट फी’च्या नावाखाली माझे २३,६०० रुपये लुटले

आमची छाप असलेले कोयते, विळे, खुरपी ऊसतोडीच्या हंगामात लांबवर जातात. कुणीतरी तीच छाप भंगाराच्या पट्टीवर मारून विकायला लागला, म्हणून ट्रेडमार्कचा अर्ज केला. वर्ग ८, हातअवजारं आणि सुऱ्या-कात्र्या. ऑनलाइन फी ४,५०० रुपये, मीच भरली.

ट्रेडमार्क जर्नल या सरकारी पत्रिकेत मार्क छापून आला आणि फोन आला. ‘मार्क मंजूर झालाय, सर्टिफिकेटची फी बाकी आहे.’ अर्ज क्रमांक, वर्ग, पत्ता, सगळं अचूक. हे जर्नलमध्ये कुणालाही वाचता येतं, हे आम्हा भट्टीवर बसणाऱ्यांना कोण सांगणार? व्हॉट्सॲपवर सिंहमुद्रेचं पत्र. ७,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, ८,८५० रुपये. पाठवले.

तो जीएसटी! अर्जाच्या ४,५०० वर एक रुपयाही जीएसटी लागला नव्हता, पावती माझ्याच फाइलमध्ये होती. वर खातं कुठल्याशा ‘कन्सल्टन्सी’चं. तिथेच हात थांबायला हवा होता. पण ऐन हंगाम, दारात गिऱ्हाईक, आणि तो म्हणतोय आज शेवटचा दिवस.

पुढे म्हणे एका कंपनीने हरकत घेतली, उत्तर नाही दिलं तर अर्ज बाद. हा नियम खरा आहे, म्हणूनच माणूस घाबरतो. १४,७५० गेले. खऱ्या हरकतीची नोटीस रजिस्ट्रीकडून, म्हणजे ट्रेडमार्कच्या सरकारी कार्यालयाकडून येते आणि उत्तराची सरकारी फी ऑनलाइन २,७०० आहे. सर्टिफिकेटची वेगळी फी नसतेच! शेवटी भाच्याने अर्जाची स्थिती उघडून पाहिली. हरकत नव्हतीच, हरकतीची चार महिन्यांची मुदत चालू होती. तो भामटा तर कोयत्यावर वर्तुळातला ‘आर’, म्हणजे नोंदणी झालेल्या मार्कची खूण, मारा म्हणत होता. नोंदणीआधी तो मारला तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली दंड बसतो, आणि मी ठसा करायला टाकणारच होतो.

पोलीस ठाण्यात विचारलं, ‘तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?’ मग सायबरकडे जा, तिथून परत ठाण्यात. बँक म्हणते, व्यवहार तुमच्याच पिनने झाला. सरकारी कार्यालयातून उत्तर आलं, आम्ही असे फोन करत नाही. अहो, मग हे अर्जाच्या पावतीवर ठळक छापा ना! नाव-पत्ता तुम्ही जाहीर करता, त्यावर टपलेल्या टोळीची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही? ते खातं गोठवलं का, हेसुद्धा मला कुणी सांगत नाही.

पैसे गेले तर ठाण्याच्या बाकावर बसू नका, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. आणि अर्ज टाकलेला असेल तर स्थिती आजच स्वतः तपासा, फोनवरच्या माणसाला विचारू नका.