मेंदूचा साचा : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या सप्टेंबरात हा साचा मागवला तेव्हा नवऱ्याचं म्हणणं होतं, वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूला आपल्या कपाटात जागा नाही. आज दहा महिने झाले, सात वेळा वापरून झालाय. त्यात दोनदा साफ फजिती झाली, एकदा साचाच वाकडा झाला, आणि तरी मी दुसरा मागवलाय. म्हणून म्हटलं, जरा सविस्तर लिहावं.

वस्तू तशी साधी. जेली लावायचा, माणसाच्या मेंदूच्या आकाराचा, पातळ पांढऱ्या प्लास्टिकचा साचा, दहा डॉलरच्या आतला. साधारण सहा कप पाणी मावतं. वळ्या मात्र खरंच छान आहेत. दोन अर्धगोलांमधली खाच खोल आहे आणि एकही वळी दुसरीसारखी नाही. माझ्या मैत्रिणीकडे सिलिकॉनचा आहे, त्यात सगळं गुळगुळीत दिसतं. शिवाय तो भरून उचलला की पोटातल्या पाण्यासारखा डुचमळतो, खाली ट्रे घ्यावाच लागतो. माझा कडक आहे, पण बूड गोल, त्यामुळे फ्रीजमध्ये सरळ बसत नाही. यावर सासूबाईंनी उपाय काढला, परातीत तांदूळ घेऊन त्यात साचा रोवायचा. गणपतीच्या कलशासारखा. तेव्हापासून एकदाही कलंडला नाही.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. इथे हॅलोविनला, म्हणजे भुताखेतांची सोंगं घ्यायच्या सणाला, मुलांच्या पार्टीत काहीतरी किळसवाणं खायला ठेवायचं, असा रिवाजच आहे. गेल्या वर्षी पार्टी आमच्या घरी होती आणि तारखेने मेख मारली. ३१ ऑक्टोबर २०२४. भारतात नरकचतुर्दशी, पण इथल्या वेळेप्रमाणे अमावस्या सकाळीच लागत होती, म्हणून आमच्याकडे त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. चार वाजता अकरा भुतं येणार, सहाला लक्ष्मी येणार. फ्रीजमध्ये खालच्या खणात श्रीखंड आणि वरच्या खणात मेंदू.

आता मुख्य मुद्दा. या साच्यात काय ओतता, यावर सगळं आहे.

अमेरिकेत हा मेंदू जेलोच्या पाकिटांचा करतात. जेलो म्हणजे जिलेटीनच्या जेलीची तयार पावडर, इथलं घरोघरचं नाव. १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावात खोकल्याचं औषध करणाऱ्या एकाने ते काढलं आणि दोन वर्षांनी ४५० डॉलरला विकून टाकलं. (त्या माणसाच्या नातवंडांचा विचार मनात येतोच.) शेजारच्या आजींनी मला प्रमाण सांगितलं ते असं: पीच स्वादाची १७० ग्रॅमची दोन पाकिटं, अडीच कप उकळतं पाणी, एक कप गार पाणी आणि बिनसाखरेच्या आटीव दुधाचा एक डबा, म्हणजे साधारण ३५० मिली. पाकिटावर दोन पाकिटांना आठ कप पाणी सांगतात. इथे सगळं मिळून पाचच कप, म्हणून हा मेंदू उभा राहतो, पसरत नाही. आपल्या लोकांनी एक लक्षात ठेवा, मिल्कमेडसारखं गोड दूध यात चालत नाही. दोन्ही डबे दुकानात शेजारीशेजारी असतात आणि मी पहिल्यांदा चुकीचाच उचलला होता. घरी येऊन वाचलं म्हणून वाचले.

दूध घातलं की रंग बाळाच्या गालासारखा गुलाबी-केशरी होतो. तो गोंडस दिसतो, भीतीदायक नाही. त्यात हिरव्या रंगाचे थेंब घालायचे. एक, दोन, तीन, आणि चौथ्या थेंबाला अचानक ते मांस दिसायला लागतं. मी खरंच चमचा खाली ठेवला. राखाडीकडे झुकणारा, जरासा मळकट, शिळ्या कातडीचा रंग. पाचवा थेंब घालू नका, मग तो पिस्त्याचा होतो.

पहिली चाचणी याच प्रमाणाने केली आणि ती उत्तम जमली. काढताना साचा कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरायचा, ओल्या बोटाने कडा आत ओढून सोडवायच्या, ताटलीही ओली करायची म्हणजे वाकडा पडला तरी सरकवता येतो. मग ताटली वर ठेवून उलटं करायचं आणि वाट बघायची. काही होत नाही, काही होत नाही, आणि मग आत हवा शिरल्याचा एक ‘फस्स’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की झालं. साचा उचलला आणि मेंदू थरथरत तिथे बसला होता, वळ्यांत ओल चमकत होती. वजन केलं तर दीड किलोच्या आसपास. माणसाचा खरा मेंदू १.३ ते १.४ किलोचा, म्हणजे तिथेही फार खोटं नाही.

सासूबाई साताऱ्याहून दिवाळीला आल्या होत्या. त्यांनी लांबून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, हा तर खरवसच दिसतोय. कशाचा केलास?”

“जिलेटीनचा, आई.”

“ते कशापासून करतात?”

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण सांगितलं, डुकराच्या कातडीपासून किंवा गाईगुरांच्या हाडा-कातड्यापासून. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त श्रीखंडाचं पातेलं फ्रीजमधून बाहेर काढून ओट्यावर ठेवलं.

त्यांच्यापुरतं असतं तर समजावलं असतं. पण येणाऱ्या अकरा मुलांत चार शाकाहारी आणि एक मुसलमान. त्यांच्या आयांना न सांगता ताटलीत ते ठेवणं मला पटेना, आणि सांगून त्यांना नुसते वेफर्स देणंही पटेना. मग चायना ग्रास आणला, म्हणजे अगर-अगरची पावडर. समुद्रातल्या लाल शेवाळापासून करतात. लहानपणी आपण दुधाच्या वड्या खायचो तोच.

आणि इथे साचा वाकडा झाला.

जिलेटीन गरम पाण्यात विरघळतं, ते उकळायचं नसतं. अगरचं उलट आहे, दोन-तीन मिनिटं चांगलं उकळल्याशिवाय ते विरघळतच नाही. मी दर कपाला एक चमचा पावडर घेऊन उकळली, तसंच वाफाळतं मिश्रण साच्यात ओतलं, आणि डोळ्यांदेखत प्लास्टिकची उजवी बाजू फुगली. आता आमच्या मेंदूला उजवीकडे कायमची सूज आहे. याबद्दल विकणाऱ्याकडे तक्रार केली तर उत्तर आलं की वस्तू ‘थंड पदार्थांसाठी’ आहे. खोक्यावर कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं. एक तारा त्याचा कापला.

खरं तर थांबायला भरपूर वेळ असतो. अगर साधारण ३५ ते ४० अंशांना घट्ट होतं, त्यामुळे साठ अंशांपर्यंत ढवळत ढवळत निवू द्या, मग ओता. मात्र दूध फ्रीजमधून काढून थेट घालू नका, लगेच गुठळ्या होतात. दूध कोमट हवं.

पार्टीसाठी शेवटी दोन्ही केले. मंगळवारी रात्री जिलेटीनचा लावला, बुधवारी तो काढून त्याच साच्यात अगरचा. दोन ताटल्यांपुढे मुलीच्या अक्षरात दोन चिठ्ठ्या: ‘प्राण्याचा मेंदू’ आणि ‘शेवाळाचा मेंदू’. शाकाहारी मुलं दुसरा बघून जास्तच किंचाळली.

फरक सांगते. जिलेटीन हलतं. ताटली नुसती टेबलावर ठेवली तरी ते अर्धा मिनिट थरथरतं, आणि भीती त्या थरथरण्यातच आहे. तोंडात घातल्यावर विरघळतं, कारण शरीराच्या उष्णतेच्या जरा खालीच ते वितळतं. अगर हलत नाही. सुरी घातली की कट्‌ करून तुटतं आणि तोंडात चावावं लागतं. दिसायला मात्र अगरचा मेंदू जास्त खरा, वळ्यांच्या कडा अगदी धारदार येतात. नारळाचं दूध घालून आणि पावडर पाऊण चमच्यावर आणून तो जरा मऊ होतो, पण जिलेटीनसारखा नाचत नाही. नाचवायचाच असेल तर ताटली हातात घेऊन मुद्दाम हलवा. नवऱ्याने तेच केलं. वर त्याने भाषणही दिलं. १९७० च्या दशकात कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एड्रियन अप्टन नावाच्या मेंदूतज्ज्ञाने लिंबू स्वादाच्या जेलोला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या तारा जोडल्या होत्या आणि यंत्राने चक्क लहरी दाखवल्या. आजूबाजूच्या यंत्रांचे आणि हालचालींचे संकेतही ईईजीत उमटतात, एवढंच त्याला दाखवायचं होतं. मुलांनी अर्थातच एवढंच ऐकलं की हा जिवंत आहे.

रक्ताचं सांगायचं राहिलं. इथे स्ट्रॉबेरीचं सिरप ओततात, ते लिपस्टिकसारखं दिसतं. आमच्याकडे मालवणहून आलेली अमृत कोकमची बाटली होती. अर्धा कप अमृत कोकम, चमचाभर कॉर्नफ्लोअर, मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळलं. काळपट, चिकट, वळ्यांच्या खाचांतून हळू उतरणारं. आंबटगोड असल्याने नुसत्या गोड मेंदूला चवही येते. फक्त कोकम अगरबरोबर उकळू नका, आंबटाने अगरची पकड सैल होते. वरून घाला. डोळ्यांसाठी डब्यातली लिची, तिच्या पोकळीत एकेक ब्लूबेरी. अगदी लहान मुलं असतील तर लिची चिरूनच द्या, घशात अडकण्यासारखी वस्तू आहे.

चार वाजता आले ते सहा वाजता हात धुऊन, अर्ध्या पुसलेल्या तोंडांनी लक्ष्मीपूजनाला बसले. माझी मुलगी हडळ झाली होती. आजीने सांगितल्याप्रमाणे पाय उलटे दिसावेत म्हणून बूट मागेपुढे घालून. लाह्या-बत्तासे वाटताना एका सांगाड्याने विचारलं, हेपण कोणाचे तरी दात आहेत का.

पुढच्या वापरांबद्दल थोडक्यात. एप्रिलमध्ये वाढदिवसाला हापूसच्या डब्यातल्या रसाचा केला. चव सगळ्यांत छान, दिसायला कावीळ झालेला. त्याच हौसेने मे महिन्यात ताजा अननस घालून केला, तो रात्रभर ठेवूनही घट्ट झालाच नाही. ताज्या अननसातलं एन्झाइम जिलेटीनची साखळीच तोडून टाकतं. पपई, किवी आणि आल्याचंही तेच. डब्यातला अननस शिजवलेला असतो, तो चालतो. मला हे माहीत होतं, आजींनी सांगितलं होतं, आणि तरी केलं. ४ जुलैच्या सहलीला जिलेटीनचा घेऊन गेले तेव्हा बाहेर तेहतीस अंश. पोचेपर्यंत डाव्या अर्धगोलाचं तळं झालं होतं. दुधाचा पदार्थ, अशा उन्हात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये, म्हणून उरलेलाही टाकला. अगर ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. उन्हाळ्यात तोच न्यायला हवा होता.

धुणं सोपं. वळ्यांत मऊ दात-ब्रश फिरवायचा. डिशवॉशरमध्ये घालू नका, माझा आधीच फुगलाय म्हणून मी प्रयोग केला नाही, तुम्हीही करू नका. वास धरत नाही. पण फ्रीजमध्ये मेंदू उघडा ठेवला तर त्याला कांद्याचा वास लागतो, हे पहिल्या चाचणीतच कळलं.

एकंदर पाचपैकी साडेतीन. जिलेटीनसाठी पूर्ण पाच दिले असते, पण आमच्यासारख्या घरात अगर लागणारच, आणि त्याबद्दल खोक्यावर एक ओळ छापायला काय जात होतं? नवा साचा गेल्या आठवड्यात आलाय. त्याच्या आतल्या बाजूला पाच कपांची खूण पाण्याने मोजून बाहेरून नेलपॉलिशने केली आहे. सुजलेला जुना सासूबाईंनी जाताना बॅगेत घातला. परवा साताऱ्याहून फोटो आला. दुधाचा चायना ग्रास, वर वेलची आणि पिस्त्याचे काप, शेजारपाजारच्या पोरांपुढे ठेवलेला. उजवीकडची सूज ओळखता येत होती.