रो 80 की पहिली आरएक्स-7? रोटरी गाडी उभी करण्याआधीचा हिशेब

रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाची, जुनी गाडी घेऊन ती नव्यानं उभी करायची, असं एकदा डोक्यात बसलं की बहुतेकांची गाडी दोन नावांवर येऊन अडते. एक जर्मन, एनएसयू रो 80. दुसरी जपानी, माझदाची पहिल्या पिढीची आरएक्स-7. बाकीची नावं कानाला गोड वाटतात, पण 1967 च्या माझदा कॉस्मो स्पोर्ट एकूण बनल्याच 1,176. तिचा विचार लिलावात बोली लावणाऱ्यांनी करावा. सिट्रोएनची जीएस बिरोटर तर कंपनीनंच गिऱ्हाइकांकडून परत घेऊन बहुतेक मोडीत काढली.

भारतात यातली एकही कधी अधिकृतपणे विकायला आली नाही. आपल्याकडे माझदा म्हणजे स्वराज माझदाचा टेम्पो. तेव्हा हा आढावा मुख्यतः जर्मनी, इंग्लंड, अमेरिका अशा ठिकाणी राहणाऱ्या, हाताशी गॅरेज आणि थोडा वेळ असलेल्या मराठी माणसासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आयुष्यात पहिल्यांदाच रोटरी खोलणार असाल तर आरएक्स-7 घ्या. आणि रो 80 सोडायचीच असेल तर इंजिनाच्या भीतीनं सोडू नका. त्या गाडीत घाबरण्यासारख्या गोष्टी दुसऱ्याच आहेत.

इंजिनाचं मूळ एकच

जर्मन संशोधक फेलिक्स वांकेलची रोटरीची कल्पना नेकारसुल्मच्या एनएसयूनं इंजिनात उतरवली, आणि हिरोशिमाच्या तोयो कोग्योनं, म्हणजे आजच्या माझदानं, 1961 मध्ये तिचा परवाना घेतला. दोन्ही इंजिनांत दोन रोटर. रो 80 मध्ये प्रत्येकी 497.5 सीसी, ताकद 115 अश्वशक्ती. आरएक्स-7 च्या 12ए इंजिनात प्रत्येकी 573 सीसी, आणि अमेरिकेतल्या गाडीला 100 अश्वशक्ती. आकडे जवळजवळचे असले तरी स्वभाव वेगळा, कारण हवा आत घेण्याची जागा वेगळी.

एनएसयूनं इनटेकचं भोक रोटर ज्या घेराला घासत फिरतो त्या घेरातच पाडलं. वरच्या वेगात इंजिन मस्त श्वास घेतं, पण खाली आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अडखळतं आणि पाय काढला की झटके देतं. हे झटके लपवायला मध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पुढे नेणारा जोड, घातला आणि तीन गिअरचा अर्धस्वयंचलित गिअरबॉक्स दिला. क्लचचं पेडल नाही. गिअरच्या मुठीत एक स्विच आहे, मुठीला हात लागला की व्हॅक्यूमच्या जोरावर क्लच सुटतो. आपल्याकडे गिअरच्या मुठीवर हात ठेवून गाडी चालवायची सवय अनेकांना असते. रो 80 मध्ये तसं केलं की क्लच सुटतो आणि इंजिन मोकाट फिरतं. माझदानं इनटेक बाजूच्या प्लेटमध्ये नेलं. त्यामुळे आयडल बरं, साधा पाच गिअरचा गिअरबॉक्स चालतो, आणि खोलताना गुंतागुंत एका पायरीनं कमी.

सीलची बदनामी

रो 80 आली 1967 मध्ये, पुढच्याच वर्षी युरोपात ‘कार ऑफ द इयर’ ठरली, आणि मग इंजिनं कोलमडायला लागली. रोटरच्या तिन्ही टोकांवर जी सीलपट्टी असते, ती एपेक्स सील, तीन तुकड्यांची होती आणि तिन्ही तुकडे एकाच धातूचे. मधला तुकडा लवकर झिजे. 1970 च्या सुमारास तो फेरोटिक नावाच्या कठीण मिश्रधातूचा केला आणि ते दुखणं बरंच आटोक्यात आलं, पण तोवर नाव गेलं होतं. रस्त्यात समोरासमोर आले की रो 80 वाले बोटं वर करून आपण किती इंजिनं बदलली ते एकमेकांना सांगतात, हा विनोद तेव्हाचा. वॉरंटीचा बोजा एनएसयूला पेलला नाही. 1969 मध्ये कंपनी फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. गाडी मात्र 1977 पर्यंत बनत राहिली, एकूण सुमारे 37 हजार.

आज बाजारात दिसणाऱ्या रो 80 मध्ये मूळचं पहिलंच इंजिन क्वचितच असतं. ज्या गाड्या वाचल्या त्यांची इंजिनं बहुधा पुढे सुधारित सीलवर बांधली गेलेली आहेत. म्हणून सीलची भीती इथे जुनी झाली असं मी म्हणतो.

माझदाची सुरुवातही काही सुखाची नव्हती. तिथले अभियंते केनिची यामामोतो आणि त्यांच्या 47 जणांच्या चमूला हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, आतल्या अंगावर उमटणाऱ्या लाटांसारख्या ओरखड्यांनी छळलं. सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत त्यांना. पण 1978 साली आरएक्स-7 येईपर्यंत हे सगळं निस्तरून झालं होतं. 12ए मधली 3 मिलिमीटरची ओतीव लोखंडी सील दणकट आहे. या इंजिनात सील आपणहून तुटण्यापेक्षा इंजिन तापून बिघडणं जास्त दिसतं.

इंजिन खोलल्यावर काय दिसतं

इथे जरा रेंगाळतो, कारण निर्णय इथेच होतो.

पिस्टनच्या इंजिनात सिलिंडर झिजला तर लेथवाल्याकडे नेऊन बोअर मारतो, ओव्हरसाइज पिस्टन टाकतो, काम झालं. रोटरीत ओव्हरसाइज नावाचा प्रकारच नाही. घेराचा आकार गणिती वक्र आहे, तो मोठा करता येत नाही. हाउसिंगच्या आतला थर उडाला असेल तर पुन्हा थर चढवून घासून घ्यायचा, नाहीतर दुसरं हाउसिंग शोधायचं. सील, स्प्रिंगा, रबरी रिंगा यांचं किट विकत मिळतं. खरं बिल हाउसिंगचं असतं.

आरएक्स-7 चं हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आत पोलादी पत्र्याचं अस्तर आणि त्यावर कठीण क्रोम. पाहायचं कुठे? प्लगच्या भोकांभोवती आणि कडेकडेनं. क्रोमचे पोपडे सुटून आतला धातू डोकावतोय का ते नखानंही कळतं. बाजूच्या लोखंडी प्लेटवर सील घासून पायरी पडलेली असते, ती 0.10 मिलिमीटरच्या वर गेली की प्लेट घासून घ्यावी लागते. प्लेट वाकली असेल तर मर्यादा आणखी कडक, 0.04 मिलिमीटर. म्हणजे सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) चांगल्या दर्जाचे हवेत, जत्रेतले नकोत.

बांधणी मात्र ऐकून वाटते तितकी अवघड नाही. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंगची साखळी नाही. प्रत्येक रोटरला तीन एपेक्स सील, सहा कोपऱ्याच्या, सहा बाजूच्या, आणि वर ऑइलच्या रिंगा. इंजिन उभं ठेवून थरावर थर चढवत जायचं: प्लेट, रोटर, हाउसिंग, मधली प्लेट, पुन्हा रोटर. एपेक्स सीलचा टोकाचा चिमुकला तिकोनी तुकडा आणि त्याखालची स्प्रिंग जागेवर राहावी म्हणून चक्क व्हॅसलीन लावतात. इंजिन सुरू झालं की ते जळून जातं. बाजूची सील आणि कोपऱ्याची सील यांच्यातली फट 0.05 ते 0.15 मिलिमीटर ठेवायची, त्यासाठी नवी सील हातानं, कानशीच्या दोन-दोन फटक्यांनी घासत आणायची. हे काम संध्याकाळी दमून आल्यावर करू नये. शेवटी सगळा थर लांबलचक बोल्टांनी आवळायचा आणि शाफ्टचा एंड प्ले (पुढेमागे सरकण्याची मोकळीक) डायल गेजवर 0.04 ते 0.07 मिलिमीटर आला पाहिजे.

फ्लायव्हीलचा नट 54 मिलिमीटरचा असतो आणि जवळजवळ 400 न्यूटन मीटरनं आवळलेला असतो. त्याचा पाना आणि फ्लायव्हील धरून ठेवायची पट्टी आधी मिळवा, नाहीतर पहिली सुट्टी त्या नटाशी कुस्ती खेळण्यात जाईल.

रो 80 चं इंजिनही याच तत्त्वानं उघडतं, पण इथे ‘विकत आणा आणि लावा’ हे सोपं प्रकरण नाही. तिच्या हाउसिंगवर क्रोम नसून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो, आणि त्याची दुरुस्ती करणारे मोजके. ऑटो युनियनची वारसदार असलेल्या ऑडीच्या परंपरा विभागाकडून एनएसयूचे काही भाग मिळतात, जर्मनीतली क्लबवाली मंडळी जाणती आहेत, पण प्रत्येक तुकड्यामागे पत्रव्यवहार आणि वाट पाहणं आलं. जर्मन येत नसेल तर ते आणखी लांबतं.

आरएक्स-7 कडेही आता सगळं हिरवंगार नाही. 12ए ची नवी हाउसिंग माझदाकडून येणं थांबलं. 2020 च्या डिसेंबरात माझदानं जपानमध्ये जुन्या आरएक्स-7 चे भाग पुन्हा द्यायला सुरुवात केली, ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीसाठी. पहिलीच्या वाट्याला ते सुख नाही. तरी पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यातल्या बऱ्याच अमेरिकेत गेल्या, त्यामुळे जुन्या इंजिनांचा साठा मोठा आहे. शिवाय 1984–85 च्या जीएसएल-एसई या अमेरिकी मॉडेलला कंपनीनंच 12ए च्याच घराण्यातलं मोठं 13बी इंजिन बसवलं होतं. 12ए अगदीच गेलं तर 13बी बसवणं हा वेडा जुगाड ठरत नाही.

पत्रा आणि बाकीचा पसारा

रो 80 चं सगळ्यात मोठं दुखणं माझ्या मते इथे आहे. डिझायनर क्लाउस लुथेनं काढलेली रेषा आजही जुनी वाटत नाही. हवेच्या अवरोधाचा आकडा (जितका कमी तितका बरा) 0.355, तोही 1967 साली. पण दारांचा तळ, उंबऱ्याचा पत्रा, चाकांवरच्या कमानी गंजून जातात आणि बदली पत्रा सहजी मिळत नाही. काचा, रबरं, आतली सजावट, सगळ्याची तीच रड. पुढच्या डिस्क चाकात नसून आत गिअरबॉक्सला लागून आहेत. ब्रेकचं साधं काम अर्धा दिवस खातं. क्लचचा व्हॅक्यूम, पॉवर स्टिअरिंगची गळती, हे वेगळंच. इंजिन बांधून तयार आणि गाडी मात्र एका रबरासाठी ठोकळ्यांवर, अशी अवस्था या गाडीत सहज येते.

आरएक्स-7 साधी आहे. मागे सरळ एक्सल, जुन्या पद्धतीचं स्टिअरिंग, वजन हजार किलोच्या थोडं पुढे. गंज मागच्या चाकांच्या कमानीत, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटमागच्या खोक्यांखाली शोधा. डेंटिंगवाला बरा असेल तर हे सुटतं. 1983 पासूनच्या 12ए गाड्यांत ऑइल थंड करायला पाण्यावर चालणारा छोटा कूलर इंजिनावरच बसवला होता; तो काढून आधीच्या गाड्यांसारखा पुढचा मोठा कूलर लावावा, असं जवळपास प्रत्येक जाणकार सांगतो. मीही तेच सांगेन. रोटरीतली बरीचशी उष्णता ऑइलच बाहेर नेतं, तिथे काटकसर नको.

चालवायला

ही तुलना खरं तर अन्यायाची. रो 80 ही चार दारांची, शांत, लांब पल्ल्याची गाडी. 180 च्या वेगाला पोचते आणि आतला माणूस बोलत राहतो. आरएक्स-7 ही दोघांची, हलकी, वळणावर खेळणारी. कुटुंबाला बरोबर न्यायचं असेल तर इथेच निकाल लागतो, पुढचं वाचायची गरज नाही. पेट्रोल दोघीही पितात. रो 80 लिटरला सहा-सात किलोमीटरवर येते, आरएक्स-7 जरा बरी. ऑइलही जाळतात, आणि ते बिघाडामुळे नव्हे: सीलला वंगण मिळावं म्हणून पंप मुद्दाम ऑइल आत सोडतो. दर दोन टाक्यांना डिपस्टिक पाहण्याची सवय नसेल तर रोटरीच्या नादी लागू नये.

आणखी एक सवय. गाडी फक्त जागेवरून हलवायची म्हणून सुरू करून लगेच बंद करू नका. पेट्रोलनं ऑइलचा पापुद्रा धुतला जातो, कॉम्प्रेशन (आतला दाब) पडतं, आणि दुसऱ्या दिवशी स्टार्टर नुसता फिरत राहतो.

कागदपत्रं

जर्मनीत 30 वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला एच अक्षराची नंबरप्लेट मिळते, वर्षाचा कर ठोक 191.73 युरो. दोन्ही गाड्या वयात बसतात. रो 80 मध्ये काहींनी फोर्डचं पिस्टनवालं व्ही4 इंजिन बसवलं, इंग्लंडात तर हा प्रकार बराच झाला, कारण ते इंजिन आखूड असल्यानं नाकात मावतं. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी घेताना विचार करा. ती परत रोटरीवर आणायची म्हणजे इंजिनासकट हरवलेले सगळे बारके भागही शोधणं आलं. माझदाचं रोटरी बसवलेली रो 80 त्यापेक्षा मला जास्त पटते. निदान आवाज तरी घरचाच राहतो.

पुढेमागे गाडी महाराष्ट्रात आणायचं स्वप्न असेल तर: 2021 च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून व्हीए अक्षरांच्या नंबरवर नोंदवता येते, पण ती रोज वापरता येत नाही. आयातीची परवानगी आणि शुल्क हा त्याआधीचा वेगळा डोंगर. सर्वात जुनी आरएक्स-7 सुद्धा 2028 च्या आधी या वयात बसत नाही.

पाहायला जाताना

विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन थंड राहू द्या. थंड असताना सुरू करून पाहा, वीस मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबून पुन्हा स्टार्टर मारा. कॉम्प्रेशन गेलेली रोटरी थंडीत उठते आणि गरम झाली की रुसते. पांढरा धूर सारखा येत असेल आणि पाणी कमी होत असेल तर आतल्या पाण्याच्या रबरी रिंगा गेल्या. इंजिन खोलायचंच आहे असं धरून भाव करा.

साध्या कॉम्प्रेशन गेजचा आकडा फसवा असतो, कारण तो रोटरच्या तीन बाजूंच्या तीन कप्प्यांतला सर्वात चांगला तेवढाच दाखवतो. रोटरीचा खास गेज मिळाला तर उत्तम: माझदात मिनिटाला 250 फेऱ्यांना 100 पीएसआयच्या (दाबाचं माप) वर समाधान, 85 च्या खाली इंजिनकाम. तो नसेल तर साध्या गेजचा एकमार्गी व्हॉल्व्ह काढा, प्लगच्या जागी लावा आणि काटा कसा उडतो ते पाहा. तीन सारख्या उड्या हव्यात. दोन मोठ्या आणि एक मेलेली दिसली तर त्या रोटरचं एक टोक गेलंय, आणि ते टोक जाताना हाउसिंगही ओरबाडून गेलंय असं समजून किंमत सांगा. विकणारा ‘नुसतं ट्यूनिंग करायला हवं’ म्हणाला, तर ते ट्यूनिंग त्यालाच करू द्या आणि पुढच्या महिन्यात परत या.