तिसरं वर्ष, सहावं वर्ष की सहावी इयत्ता? इंटरनॅशनल शाळेचा बडोदेकर हिशेब

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. मराठी घरातल्या मुलाला इंटरनॅशनल शाळेत घालायचंच असेल तर पहिलीत घाला, नर्सरीत नको. पहिली हुकली तर सहावीपर्यंत थांबा. आणि ऐपत पाचच वर्षांच्या फीची असेल, तर ती पाच वर्षं पहिली ते पाचवीचीच असू द्या. सहावीत खुशाल सीबीएसईला या. नातेवाईक विचारतील, ‘काय हो, काढलं का शाळेतून?’ विचारू द्या.

बोलतेय कशाबद्दल, ते आधी स्पष्ट करते. बडोद्यात वासणा-भायलीपासून समा-सावलीपर्यंत कितीतरी पाट्यांवर ‘इंटरनॅशनल’ असतं आणि आत सीबीएसई किंवा गुजरात बोर्ड चालतं. त्यात वाईट काही नाही, पण तो इथला विषय नाही. प्राथमिक वर्गांसाठी मुख्यतः दोन पर्याय समोर येतात: आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या संस्थेचा पीवायपी (प्रायमरी इयर्स प्रोग्राम), म्हणजे ३ ते १२ वयाच्या मुलांचा, १९९७ पासून चालू असलेला कार्यक्रम; आणि इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाचा केंब्रिज प्रायमरी, वय ५ ते ११.

दोघांचा स्वभाव वेगळा आहे. केंब्रिजमध्ये विषय वेगवेगळे राहतात, कोणत्या वर्षी काय यायला हवं हे ठरलेलं असतं आणि सहाव्या टप्प्याअखेर चेकपॉइंट नावाची चाचणी घेता येते. पीवायपीत ठरलेलं पाठ्यपुस्तक नाही. सहा व्यापक सूत्रांखाली शाळा स्वतः घटक रचते. विश्वामित्री नदीतल्या मगरी हा घटक घेतला तर नदी, पूर, प्राणी, माणसांची वस्ती, मोजमाप, मुलाखत घेणं, लिहिणं हे सगळं त्यातून शिकवायचं. उत्तम शिक्षक असले तर यासारखं शिक्षण नाही. नसले तर सहा आठवडे मगरीची चित्रं रंगवून होतात.

शाळेत गेलात की विचारा: मान्यता मिळाली आहे की अजून ‘कॅंडिडेट’ आहात, म्हणजे मान्यतेच्या वाटेवर? आणि मान्यता नेमकी कशाची? पीवायपीची मान्यता वेगळी, अकरावी-बारावीच्या डिप्लोमाची वेगळी. डिप्लोमा आहे म्हणून खालचे वर्ग पीवायपीचे असतीलच असं नाही. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव शोधलं की कळतं.

आता तीन की सहा. बहुतेक पालक इथेच अडतात, म्हणून मीही इथे जरा रेंगाळते.

तीन वर्षांच्या मुलाला चांगल्या इंटरनॅशनल शाळेत काय मिळतं? वाळू, पाणी, ठोकळे, रंग, गोष्टी, मोकळी जागा, वर्गात कमी मुलं आणि न ओरडणाऱ्या बाई. चांगल्या बालवाडीत काय मिळतं? हेच सगळं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात शंभर वर्षांपूर्वी हेच केलं, आणि ताराबाईंनी पुढे ते बोर्डी-कोसबाडला नेलं. आपल्या बडोद्यात सयाजीराव विद्यापीठाच्या मानवविकास विभागाची चेतन बालवाडी आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरतं आणि तो खेळातून शिकण्याचा मानतं. वातानुकूलन आणि बस सोडली तर या वयात दोन्हीकडे फरक उरतो तो भाषेचा.

आणि तो लहान फरक नाही. तिसऱ्या वर्षी मूल मराठीत नुकतं कुठे ‘असं का?’ विचारायला लागलेलं असतं, कालची गोष्ट आज सांगायला लागलेलं असतं. नेमक्या त्या वेळी दिवसाचे चार-पाच तास अनोळखी भाषेत गेले की बरीच मुलं काही महिने वर्गात गप्प राहतात. ते नैसर्गिक आहे, पुढे ती बोलतातही. मी बालवाडीत शिकवत असताना मला चिंता वाटायची ती त्यानंतरच्या वर्षाची. आजी मराठीत विचारते, नातू इंग्रजीत दोन शब्दांत उत्तर देतो, घरातले कौतुक करतात, आणि मोठी वाक्यं मराठीतही येत नाहीत, इंग्रजीतही येत नाहीत.

नर्सरीच्या बाजूचं एक म्हणणं मला मान्य आहे: लवकर सुरू केलेल्या मुलांचे इंग्रजी उच्चार सफाईदार होतात आणि भीड राहत नाही. पण ही आघाडी टिकते किती? जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने फार पूर्वी दाखवून दिलं की नव्या भाषेत गप्पा मारायला मुलाला साधारण दोन वर्षं लागतात, पण त्याच भाषेत अभ्यासाचं वाचायला, कारणं मांडायला पाच ते सात. गप्पांची आघाडी दुसरी-तिसरीपर्यंत विरून जाते. अभ्यासाच्या भाषेत पुढे जातं ते मूल, ज्याच्याकडे सहाव्या वर्षी निदान एक भाषा भक्कम असते. मराठीत नीट गोष्ट सांगणारं मूल इंग्रजीत फक्त शब्द शिकतं. गोष्ट कशी सांगायची हे त्याला आधीच माहीत असतं.

वाचनाचंही तेच. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचन शिकायला लागलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षापर्यंत वाचनाच्या वेगातला फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते. आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हाही वय सातच होतं. तेव्हा ‘तीनला नाही घातलं तर मागे पडेल’ ही धास्ती कुणी घातली असेल तर काढून टाका.

याला अपवाद म्हणजे आई मराठी, बाबा गुजराती आणि आपसात इंग्रजी अशी घरं, जी अलकापुरी-गोत्रीत मुबलक आहेत. तिथे इंग्रजी हीच घरची भाषा झालेली असते. नर्सरीपासून घातलं तर भाषेचं नुकसान नाही, फक्त पैशाचं आहे.

गुजरातीचा मुद्दा महाराष्ट्रातून बदलून आलेल्यांना माहीत नसतो. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कुठलंही असो, पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं आहे. शिवाय पीवायपीत सातव्या वर्षापासून दुसऱ्या भाषेची सोय असावीच लागते. म्हणजे घरी मराठी, वर्गात इंग्रजी, तासाला गुजराती आणि कदाचित हिंदी. ऐकून घाम फुटतो, पण खाली खेळायला जाणाऱ्या मुलाला गुजराती कानावर पडतच असते, आणि देवनागरी नीट येत असेल तर गुजराती लिपी शिकायला फार दिवस लागत नाहीत: शिरोरेघ गेली, थोडी अक्षरं वेगळी झाली. म्हणून बालवाडीच्या शेवटच्या वर्षात घरी मराठी वाचायला शिकवा. इंग्रजी अक्षरं शाळा शिकवेलच.

पहिलीपर्यंत थांबण्यात एक खरी जोखीम आहे, जागांची. शाळा नर्सरीतच वर्ग भरून घेतात आणि पहिलीत शिल्लक जागा थोड्या असतात. पण बडोदं बदल्यांचं गाव आहे. रिफायनरी, ओएनजीसी, रेल्वे यांच्या बदल्या झाल्या की जागा मोकळ्या होतात. दिवाळीनंतर नाव नोंदवून ठेवा आणि मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी फोन करा. शाळा कंटाळली तरी चालेल.

तिसरी ते पाचवीत प्रवेश, याबद्दल थोडक्यात: टाळा. या वयात वाचायला शिकणं संपतं आणि वाचून शिकणं सुरू होतं, पुस्तकाची भाषा एकदम जड होते. पीवायपीच्या शेवटच्या वर्षी ‘एक्झिबिशन’ असतं. मुलांनी स्वतः विषय निवडून कित्येक आठवडे शोध घ्यायचा आणि सगळ्यांसमोर मांडायचा. बाकीची मुलं त्याची सवय पहिलीपासून करत आलेली असतात. चौथीत आलेल्या मुलावर नवी भाषा आणि नवी पद्धत दोन्ही एकदम कोसळतात. परदेशातून परत आलात किंवा जाणार असाल, तर इलाज नाही, तेव्हा घाला.

सहावीचं तसं नाही. आयबीचा पुढचा कार्यक्रम आणि केंब्रिजचा लोअर सेकंडरी टप्पा दोन्ही अकराव्या वर्षी सुरू होतात, त्यामुळे नवं मूल एकटं पडत नाही. मराठी पक्की झालेली असते, पाढे पाठ असतात. उणीव एकच: ही मुलं बाई उत्तर कधी सांगतील याची वाट बघत बसतात. हात वर करून ‘मला हे पटत नाही’ म्हणायला वेळ लागतो. मराठी किंवा गुजराती माध्यमातून येणार असाल तर पाचवीचं वर्षभर रोज इंग्रजी वाचन हवंच.

मग पाच वर्षांची फी असेल तर प्राथमिकवर खर्च करा, असं का म्हणते? या पद्धतीचा जीव प्राथमिक वर्गांत आहे. परीक्षेची टांगती तलवार नसताना प्रश्न विचारायची, चुकायची, चार जणांसमोर बोलायची सवय लागते, ती नंतर शिकवणी लावून येत नाही. नववी-दहावीची आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावीची परीक्षा, मुख्यतः परदेशी जायचं ठरलेल्यांना उपयोगी. नीट-जेईईकडे वळायचं असेल तर एनसीईआरटीची पुस्तकं आज ना उद्या हातात घ्यावीच लागतात.

पैशाचाही कौल तिकडेच. समजा पहिलीची फी दोन लाख आहे आणि दरवर्षी दहा टक्के वाढते. पहिली ते पाचवी मिळून सव्वाबारा लाखांच्या आसपास होतात. सहावी ते दहावी साडेएकोणीस लाखांच्या वर. शिवाय वरच्या वर्गांची फी मुळातच जास्त असते. गुजरातमध्ये २०१७ च्या कायद्याने खासगी शाळांच्या फीसाठी समित्या आहेत, बडोदे विभागाचीही आहे. शाळेने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर थांबू नका, समितीने मंजूर केलेला आकडा मागा, आणि बस, जेवण, सहल यांचं वेगळं विचारा.

सहावीत सीबीएसईला येणाऱ्या मुलाला तीन गोष्टी नडतात: लेखनाचा वेग, हिंदी आणि पाढे. गणिताची समज असते, पण नऊचा पाढा अडखळत येतो आणि वेळ लावून पेपर सोडवायची सवय नसते. यावर उपाय महाग नाही. दुसरीपासून आजोबांकडे पाढे सोपवा (पावकी-निमकीपर्यंत गेले तर आवरा), आणि पाचवीच्या उन्हाळ्यात रोज एक पान शुद्धलेखन. दाखला घेताना प्रगतिपुस्तकासोबत इयत्ता स्पष्ट लिहून घ्या. ‘स्टेज ५’ एवढंच लिहिलेलं असलं की नव्या शाळेच्या ऑफिसात खेटे घालावे लागतात.

शेवटचं, जन्मतारखेचं. गुजरातमध्ये पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. जून-जुलैत जन्मलेलं मूल पहिलीत जाईपर्यंत जवळजवळ सात वर्षांचं होतं, आणि पालक ते एक वर्ष वाया गेलं म्हणून हळहळतात. ते जास्तीचं वर्ष बालवाडीतच काढू द्या. वर्गातलं सर्वांत मोठं मूल असण्याचा त्रास झालेला मी तरी पाहिला नाही. सर्वांत लहान असण्याचा पुष्कळदा पाहिला आहे.