वस्तरा आणि पट्टा : पावसाळ्यापासून द्राक्षांच्या सीझनपर्यंत वापरून

आधी मत सांगतो. उघड्या वस्तऱ्याने दाढी करायला नवीन शिकत असाल तर सगळं लक्ष पट्ट्यावर (ज्यावर घासून धार सरळ करतात तो चामड्याचा पट्टा) द्या, धार लावायचा दगड नंतर. मी पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केलं, आता मार्केटला द्राक्षं आलीत, एवढ्या महिन्यांत दगड काढायची वेळ क्वचितच आली, पट्टा मात्र प्रत्येक दाढीला.

माझ्याकडे ५/८ चा (म्हणजे पातं ५/८ इंच रुंद), गोल टोकाचा, कार्बन स्टीलचा, जर्मनीतल्या झोलिंगेन शहराचा वस्तरा आहे. झोलिंगेन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, तिथल्याच मालावर टाकता येतं, त्यामुळे ऑनलाईन ४०० रुपयांत त्या नावाचा काही दिसला तर सरळ पुढे जा. सोबत लटकवायचा ३ इंच रुंद पट्टा, एक बाजू कॅनव्हास एक बाजू चामडं, आणि दगड एकच, नानिवा या कंपनीचा १२००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा आकडा, जितका मोठा तितका दगड बारीक). १०००, ४००० वगैरे मुद्दाम घेतले नाहीत, ते खाच पडलेल्या किंवा पार बोथट वस्तऱ्याला लागतात आणि ते काम मुरलेल्या हाताचं. नवा वस्तरा डब्यातून निघाला की लगेच गालावर चालेल असं नसतं, म्हणून घेतानाच विचारा की हाताने दगडावर दाढीची धार लावून देणार का, नसेल देत तर दुसरीकडून लावून घ्या.

आता पट्टा. पाठ (पात्याची जाड कड) पुढे, धार मागे. टोकाला पोचलात की वस्तरा पाठीवरच उलटायचा, धारेवर कधीच नाही, आणि पाठ पूर्ण वेळ चामड्याला टेकलेली पाहिजे, पट्टा ताणलेला पाहिजे, सैल सोडला की तो धारेभोवती वळतो आणि धार गोल होते. नाशिकला पंचवटीतले आमचे न्हावी काका आता सगळं हाफ ब्लेडवर (मुठीत बसवायचं, दर वेळी बदलायचं अर्धं ब्लेड) करतात (एकच वस्तरा सगळ्यांना लावणं बंद झालं ते बरंच झालं), पण हात अजून तोच आहे, त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "दाब नको रे देऊ, वस्तऱ्याचं वजनच पुरे." हेच खरं शिक्षण. मी कॅनव्हासवर २०-२५ आणि चामड्यावर ५०-६० फेऱ्या मारतो, सावकाश, वेग हळूहळू आपोआप येतो. पहिला पट्टा स्वस्तातलाच घ्या, शिकताना त्याला चिरा पडतातच.

एवढं कशाला, तर मऊ केससुद्धा स्टीलचे टवके काढतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे छापलं होतं, केस ब्लेडपेक्षा साधारण ५० पट मऊ, तरी तो वाकून धारेला तिरका लागला आणि तिथे स्टील जरा कमजोर असलं की बारीक टवका उडतो. पट्टा धार सरळ करतो, साफ करतो, पण उडालेला टवका भरून काढत नाही, त्यामुळे कधीतरी दगड लागतोच. दाढी ओढायला लागली, पट्टा मारूनही ओढतेच आहे, की दगड.

दगडावर दिशा उलटी, धार पुढे. पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवायच्या, कोन आपोआप मिळतो, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून तो १६-१७ अंशांच्या आसपास पडतो, म्हणून आपल्याला काही मोजायचं नसतं. मी अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे, तिथे ब्लू (निळा रंग) लावून दोन भाग कुठे टेकतात ते बघतो, तेच इथे मार्करने करतो, धारेवर काळी रेघ मारायची, दोनचार हात मारायचे, रेघ पूर्ण गेली तर धार सगळीकडे टेकतेय, कुठे राहिली तर दगड किंवा हात वाकडा आहे. दगड सपाट ठेवणं फार महत्त्वाचं, काचेवर ओला वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर) टाकून, दगडावर पेन्सिलच्या चौकटी आखून, त्या पुसल्या जाईपर्यंत घासतो. या दगडाला भिजत ठेवायची गरज नाही, वर पाणी शिंपडलं की चालू, फक्त उन्हात वाळवू नका. १०-१५ हलके हात, परत पट्टा, झालं.

गंज मात्र नाशिकच्या पावसाळ्यात सोडत नाही. बाथरूममध्ये वस्तरा ठेवूच नका, दाढी झाली की पुसा, मुठीत पातं शिरतं त्या फटीतलं पाणीसुद्धा टिपून काढा, पंख्याखाली थोडा वेळ उघडा ठेवा आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत ते थिजतं. चामड्याला ओल लागली की बुरशी येते, म्हणून पट्टा मी हॉलमध्ये खिडकीपासून लांब टांगतो.

ज्यांची फर्स्ट शिफ्ट असते त्यांनी रात्रीच दाढी करावी, वस्तऱ्याला पट्ट्यासकट अर्धा तास तरी हवा.