मांडवीवरची डिनर क्रूझ : सगळ्या सीझनला बसून झाल्यावरचा अनुभव (सोलापूरकरांसाठी खास)

आमचं टॉवेलचं युनिट आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आणि गोव्यातली हॉटेलं आमची जुनी गिऱ्हाईकं. पूर्वी रात्रीच्या बसनं विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट करत अंग मोडून पोचायचो, जून २०२५ मध्ये आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरनं गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून फेऱ्या वाढल्यात. फेऱ्या वाढल्या तशा पणजीतल्या मोकळ्या संध्याकाळी पण वाढल्या, पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, कुठंतरी बसवावं लागतं, त्यातनं ही मांडवी नदीवरची डिनर क्रूझ मागं लागली. कधी पार्टीबरोबर, कधी घरच्यांना घेऊन, कधी एकटाच. पावसात, दिवाळीच्या गर्दीत, थंडीत, मे महिन्याच्या उकाड्यात, वेगवेगळ्या बोटींवर बसून झालंय. आता पार्क चौकात भेटेल तो विचारतोय 'कसंय रे ते, पैसे वसूल का', म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मत आधीच सांगतो. तिकीट जेवणाचं म्हणून काढू नका. गाण्याचं आणि नदीचं म्हणून काढा, जेवण वर मिळालंय असं समजा. असं समजून गेलेला माणूस खुशीत उतरतो, आणि बुफेचा फोटो बघून गेलेला ताट हातात धरून कुरकुरत बसतो.

पहिली गोष्ट, जेटीबाहेर उभी असलेली पोरं 'क्रूझ क्रूझ' करत मागं लागतात ना, त्यांच्या तोंडात सगळ्या क्रूझ एकच. तसं नसतंय. एक असती तासाभराची, सूर्यास्ताची नाहीतर त्यानंतरची, तिच्यात जेवण नसतं, डीजे असतो, एक अँकर असतो जो 'फक्त मुलं या, आता फक्त कपल्स या' करत स्टेजवर बोलावतो. स्वस्त असती, पोराबाळांना आवडती, तेवढ्यापुरती बरी. दुसरी डिनरवाली, साधारण आठ-साडेआठनंतर सुटती आणि दोनेक तास फिरवती. सरकारी पर्यटन महामंडळाची पण आहे, खाजगी पण आहेत. माझे माणशी दीड हजाराच्या आसपास गेलेत, सुट्ट्यांत जास्त. तिकीट घेताना तीन गोष्टी तोंडानं विचारून घ्या, जेवण आहे का, बँड आहे का डीजे, आणि वरच्या डेकवर बसायला जागा धरून मिळती का. 'सब है सर' हे उत्तर धरू नका, पावतीवर काय लिहिलंय ते वाचा.

नदीबद्दल सांगायचं तर आपण चार-पाच दिवसाआड नळाला पाणी बघणारी माणसं, आपल्याला एवढं रुंद पाणी बघूनच निम्मे पैसे वसूल होतात. आमची आई तर पहिली दहा मिनिटं नुसती कठड्याला धरून उभी होती, मग म्हणाली, "चंद्रभागेत होडीत बसलो तवा कसं, हात घातला की पाणी लागायचं, हितं पाणी लई खाली हाय." खरंय ते. बोट मोठी असली की नदी लांब राहती. म्हणून मी छोटी बोट बघतो, दीडदोनशे माणसं कोंबणारी तीन मजली नको वाटती.

जेटीवरनं सुटलं की पणजीचा काठ दिसतो, त्यात ती जुन्या सचिवालयाची इमारत, आदिलशहाचा राजवाडा म्हणतात तो. दिवे लावलेले असतात. विजापूरच्या युसुफ आदिलशहानं उन्हाळ्यासाठी बांधलेला, मग पोर्तुगीजांनी घेतला. आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला पण बरीच वर्षं आदिलशाहीत होता, म्हणजे शेजारच्या गावचा मालक हितं पण येऊन बसलेला. बरोबरच्या पार्टीला हे सांगितलं की त्यांना गंमत वाटती, नाहीतर अँकर फक्त 'लेफ्ट साइड में देखिए' एवढंच करतो. मागं वळून बघितलं तर अटल सेतू, २०१९ ला सुरू झालेला, तारांवर तोललेला, रात्री रंग बदलत असतो. पलीकडच्या काठावर पुढं रेइश मागूशचा किल्ला, १५५१ चा. तो अंधारात नीट दिसत नाही, दिवसा वेगळा बघा, वरनं नदीचं मुख काय दिसतं राव.

मधेच कॅसिनोची जहाजं उभी असतात नांगर टाकून. त्यांचा लाल-जांभळा झगमगाट आणि त्यांच्या गाण्याचा धडधडाट, तेवढा पट्टा जाईपर्यंत आपल्या बोटीवरची गायिका काय गाती ते कळत नाही. काही लोकांना तेच आवडतं, मोबाइल काढून शूटिंग. माझ्या डोक्यात जातं. तो पट्टा गेला की मग खरी बोट सुरू होती.

आता गाणं. ह्याच्यासाठीच मी परत परत जातो. बहुतेक बोटींवर एक कीबोर्डवाला, एक गिटारवाला आणि एक गाणारी किंवा गाणारा, एवढाच बँड. सुरुवातीला कोकणी गाणी, मग एखादं पोर्तुगीज, मग हिंदी जुनी. मधे नाचाची टीम येती, 'देखणी' नावाचा गोव्याचा नाच, फुगडी, आणि तो जोडीनं गिरक्या घेत करायचा पोर्तुगीज नाच, कोरिदिन्यो. नाच ठीक असतो, रोज तेच करणाऱ्या पोरांचा चेहरा जरा थकलेला असतोच, त्यांना दोष नाही. पण थंडीत एका छोट्या बोटीवर घुमट वाजवणारे एक काका होते, पन्नाशी ओलांडलेले, ते बघितल्यापासून मी बुकिंग करताना पहिलं तेच विचारतो, घुमट आहे का.

घुमट म्हणजे मातीचं मडकंच, एका तोंडाला कातडं ताणून बांधलेलं, दुसरं तोंड उघडं. काका मांडीवर आडवं धरून उजव्या हातानं थाप मारायचे आणि डाव्या तळव्यानं मागचं तोंड झाकायचे-सोडायचे, त्या झाकण्या-सोडण्यावर आवाज आतल्या आत फिरल्यासारखा यायचा. मी अगदी पुढ्यात बसलेलो, त्यांच्या तळव्याला मडक्याच्या काठाचा गोल वळ पडलेला दिसत होता. ब्रेकमध्ये गप्पा मारल्या. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, वन्यजीव कायद्यानं बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. गणपतीच्या आरतीला पण घुमटच लागतं आणि ख्रिश्चन लग्नात मांडो (गोव्याची जुनी कोकणी गाणी) गातात तिथं पण घुमटच. २०१९ ला गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं. मी म्हणलं काका, आमच्याकडं हलगी असती, ते म्हणाले घेऊन या पुढच्या वेळी, बघू कोण दमतं. तेवढ्यात मागनं एक टोळकं ओरडलं, 'डीजे लगाओ'. काय बोलणार.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, देशभर. म्हणजे तुमची बोट साडेआठला सुटायची ती गर्दी भरेपर्यंत थांबून नऊला सुटली, तर जेवण मिळेल, फेरी पण मिळेल, गाणं मात्र अर्धा तास कापलं जाईल. हे माझ्याबरोबर झालंय. शनिवार होता, तिकिटावरची वेळ होऊन गेली तरी माणसं चढतच होती, शेवटी निघालो आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यालाच जेवणाची घोषणा, नंतर काउंटरच्या रांगेतनं बाहेर येईपर्यंत स्पीकर बंद. पैसे तेवढेच. विचारलं तर मॅनेजर म्हणाला 'सर, क्रूझ तो पूरा दो घंटा है ना'. त्याच्या हिशेबानं बरोबर. म्हणून शुक्रवार-शनिवार-रविवार टाळा, आणि लवकरची डिनर क्रूझ असली तर तीच घ्या. मधल्या वारी, मंगळवार-बुधवारी, माणसं कमी असतात, बोट वेळेवर सुटती, गायिका चिठ्ठीवरची फर्माईश पण घेती. आमच्या दाजींनी एकदा मराठी गाणं मागितलं तर तिनं मोबाइलवर शब्द लावून गाऊन दाखवलं, उच्चार कोकणी वळणाचे, पण काय गोड गायली.

बुफेचं थोडक्यात सांगतो कारण थोडक्यातच आहे. सूप, स्टार्टर दोन, सलाड, पुलाव, डाळ, पनीर, एक मिक्स भाजी, चिकन शागुती किंवा काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातलं चिकन), फिश करी, गोडाला आइस्क्रीम नाहीतर गुलाबजाम, नशीब असलं तर बेबिंका, म्हणजे गोव्याचा थराथरांचा केक. शागुती बहुतेक बोटींवर बरी असती, भाजलेल्या खोबऱ्याचा वास लागतो, तिखट मात्र आपल्या जिभेला लहान मुलांचं वाटंल. आपल्याकडचं शीक कबाब खाऊन वाढलेल्या माणसानं फार आशा ठेवू नये. फिश करीतला मासा बहुतेक वेळा बासा (तळ्यात वाढवलेला स्वस्तातला मासा) असतो, बांगडा-विसवण समजून खाऊ नका. आणि जून-जुलैत तर ट्रॉलरची मासेमारीच बंद असती, १ जून ते ३१ जुलै, तेव्हा 'फ्रेश फिश' कुणी म्हणलं तर हसायचं आणि डाळ घ्यायची. सोलकढी एका बोटीवर झकास होती, दुसऱ्या बोटीवर गुलाबी पाणी.

बुफे लावतात खालच्या डेकवर आणि बसायची मजा वरच्या डेकवर, इथंच सगळा घोळ आहे. ताट घेऊन जिन्यावरनं वर जायचं, बोट हलती, वर वारा, पापड उडतोय, डाळ थंड होतीये. मी काय करतो, घोषणा झाली की उठतच नाही. गर्दी खाली गेली की वरचा डेक मोकळा होतो, बँड आपल्यासाठीच वाजवल्यासारखा, पुढची खुर्ची मिळती. वीस-पंचवीस मिनिटांनी खाली जायचं, तोपर्यंत रांग संपलेली असती. चिकनचे तुकडे कमी राहिलेले असतात, असू देत.

शाकाहारी लोकांचं मात्र अवघड आहे. दाजी पंढरपूरचे, घर माळकरी. एका बोटीवर व्हेज-नॉनव्हेजची भांडी शेजारी-शेजारी आणि चमचा कुणीतरी हितला तिथं टाकलेला. दाजी काही बोलले नाहीत, नुसतं दहीभात आहे का विचारलं, नव्हता, मग आइस्क्रीम खाल्लं. तेव्हापासून माळकरी, जैन कोणी बरोबर असलं की बुकिंगच्या वेळीच फोनवर सांगून ठेवतो, बहुतेक बोटवाले वेगळं काढून ठेवतात, आयत्या वेळी सांगितलं तर नाही जमत. पाच-सहा माणसं असली तर नक्की करतात.

धंद्याची खोड म्हणून एक सांगतो, हात पुसायला देतात तो नॅपकिन मी आधी चिमटीत धरून बघतो. इतका विरलेला की पलीकडचा पूल दिसावा. एका बोटवाल्याला तिथंच कार्ड दिलं, त्यानं साडेतीनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅम वजनाच्या) कापडाचा भाव विचारला आणि गप्प बसला. असो.

आईवडील, सासूसासरे घेऊन जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून जा, हे लई महत्त्वाचं. मांडवी समुद्राला लागूनच, पाणी दिवसातनं दोनदा चढतं-उतरतं, मोठ्या भरतीला दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. भरतीला बोट जेटीच्या बरोबरीनं असती, पाय टाकला की आत. ओहोटीला तीच बोट खाली गेलेली, फळी उतरती लागती, खाली अंधारात पाणी दिसतंय, गुडघे दुखणाऱ्या माणसाला धसका बसतो. पोरं हात धरून उतरवतात, चांगली असतात, पण आईनं एकदा जो हात घट्ट धरला तो जेवण होईपर्यंत सोडला नाही. भरतीच्या वेळा मोबाइलवर दिसतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास फरक जास्त, हे आपल्याला कुठनं माहीत असणार, आपल्याकडं हिप्परग्याचा तलाव, तो भरला तर भरला नाहीतर नाही.

पावसाळ्यात गेलो तेव्हा वरचा डेक बंद, बाजूला प्लास्टिकचे पडदे सोडलेले, बोट मुखाकडं गेलीच नाही, तिकडं वाळूचा दांडा आणि लाटा, पुलाच्या आसपासच घिरट्या घालून परत. बँड मात्र खाली आपल्या टेबलाशेजारी, त्यामुळं गाणं मस्त ऐकू आलं, नदी काहीच दिसली नाही. तिकिटात सवलत थोडीशीच. मे महिन्यात हवा इतकी दमट की शर्ट अंगाला चिकटतो, वारा सुटला तर नशीब. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात भारी, पण नाताळ ते एक जानेवारी सोडून, तेव्हा पणजीत गाडी लावायलाच तास जातो, फुकट बोलावलं तरी मी जाणार नाही.

उतरल्यावर परत जायचं आधीच ठरवून ठेवा. ओला-उबर गोव्यात नाही, रात्री टॅक्सीवाला म्हणेल तो भाव. एकटे असाल तर पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाले पायलट बघा, पण एवढ्या उशिरा सापडतीलच असं नाही. आम्ही हॉटेलच पणजीत घेतो, चालत जाता येईल असं. आणि जाताना वाटेत रस ऑम्लेटचा गाडा लागतो, ऑम्लेटवर शागुतीचा गरम रस, वर कांदा-लिंबू, बरोबर पाव. माझं जेवण तिथं होतं, बोटीवर मी आता स्टार्टरच्या पुढं जातच नाही. दाजी हॉटेलवर जाऊन पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढतात.